आमच्या घरी चतुर्दशीच्या रात्री कुणी झोपत नाही (किल्लारीचा भूकंप आणि त्यानंतर जन्मलेले आपण)

उंबरठा_९५ | २ सप्टेंबर २०२४, रात्री ११:४०

नमस्कार. इथे लातूर-धाराशिवकडचे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढतेय.

माझा जन्म १९९५ चा, म्हणजे भूकंपानंतरचा. गाव लोहारा तालुक्यात. नाव लिहीत नाही, आई-बाबा अजून तिथेच राहतात. आमच्या घरी काही रीती होत्या आणि त्या सगळ्यांच्याच घरी असतात असं मी लहानपणी धरून चालले होते. रात्री दाराला कडी लावायची नाही, नुसतं लोटून घ्यायचं. चपला बाहेरच्या दिशेनं तोंड करून ठेवायच्या. बॅटरी आईच्या उशाशी. फडताळाच्या वरच्या खणात पितळेचं, जड असं काही ठेवायचं नाही. आणि अनंत चतुर्दशीला गणपती बुडवून आलं की अंगणात सतरंज्या टाकून सगळ्यांनी बसून राहायचं. घड्याळात चार वाजून गेले की आई म्हणायची, "झोपा आता लेकरांनो." का, ते कुणी सांगायचं नाही आणि आम्ही विचारायचो नाही.

लग्न होऊन चिंचवडला आले. सातव्या मजल्यावर घर. पहिल्याच रात्री सासूबाईंनी दाराला आतून कडी घातली आणि मला धाप लागली. नव्या घराचं दडपण असेल असं सगळ्यांना वाटलं, मलाही तसंच वाटलं.

आता मुलगी चार वर्षांची आहे. मागच्या महिन्यात वरच्या फ्लॅटमध्ये फरशीचं काम चाललं होतं. ड्रिलचा आवाज सुरू झाला तशी पोरगी हातातलं खेळणं टाकून पळत जिन्यात जाऊन उभी राहिली. तिला हे कुणी शिकवलेलं नाही. मग माझ्या लक्षात आलं की असा आवाज आला की मी स्वतः तशीच जाऊन उभी राहते. ती मला बघतेय.

मला एक भाऊ होता. तीन वर्षांचा असताना भूकंपात गेला. हे मला आईनं कधीच सांगितलेलं नाही, नववीत असताना चुलत बहिणीकडून कळलं. माझं नाव त्याच्याच नावाला वेलांटी लावून ठेवलंय हेही तेव्हाच कळलं. आईच्या पत्र्याच्या पेटीत, रेशमी साडीच्या घडीत, लहान मुलाचं चांदीचं वाळं आहे. एकच आहे, जोडीतलं दुसरं नाही.

यंदा चतुर्दशीला मुलीला घेऊन गावी जायचं ठरवलंय. आईशी बोलावं का? बोलावं तर कसं? तुमच्या घरी हे कसं झालं ते कृपया लिहा.

---

मुळाकाठ | ३ सप्टेंबर, सकाळी ७:१५

ताई, मी तिकडचा नाही, तरी लिहितो. एकतीस वर्षं झाली. आईनं ते दुःख पेटीत ठेवून कुलूप लावलंय, त्यात तिची काही समज असेल. खपली काढून काय मिळणार? लेकीला तेवढं समजावून सांगा की आवाजाला घाबरायचं नसतं. आईला त्या रात्रीत परत नेऊ नका. आमच्याकडेही फाळणीतून आलेले एक शेजारी होते, त्यांनी शेवटपर्यंत तोंडातून अक्षर काढलं नाही, आणि माणूस शांत होता.

---

तेरणेकाठचा | ३ सप्टेंबर, दुपारी १:०५

उंबरठा, तुझी पोस्ट वाचून ऑफिसातून बाहेर येऊन उभा राहिलो.

मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. आमचं गाव औसा तालुक्यात. जे तेव्हा जन्मले नव्हते त्यांच्यासाठी थोडं सांगतो. २९ सप्टेंबर १९९३ ला चतुर्दशी होती. गावोगावी मिरवणुका, लेझीम, रात्री एक-दोनपर्यंत जागरण. सगळे दमून झोपलेले असताना पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आमच्याकडची घरं म्हणजे दोन-तीन फूट रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवद, लाकडी सरांवर फूट-दीड फूट माती. ऊन, पाऊस, थंडी सगळ्यांत ती घरं उत्तम. त्या पहाटे तीच अंगावर आली. गेलेल्यांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या जवळ आहे, काही जण दहा हजारांपर्यंत सांगतात. बावन्न गावं पुरती नव्या जागी वसवावी लागली. त्याआधी वर्षभर, १९९२ पासून, किल्लारीच्या भागात जमिनीतून गुडगुड आवाज आणि लहान धक्के येतच होते. पण नकाशावर आमचा भाग सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

मी, बहीण आणि आजी वाचलो. भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथा यांनी भूकंपग्रस्त भागातली बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली, वाघोलीला. त्यातला मी एक. तिथे माझं शिक्षण झालं, वेळेवर जेवण मिळालं, आजारी पडलो तर उशाशी कुणीतरी बसलेलं असायचं. त्या उपकाराची फेड होणार नाही. पण एक गोष्ट वसतिगृह देऊ शकत नव्हतं, ती आजीकडे होती.

सुट्टीत गावी पत्र्याच्या शेडमध्ये गेलो की आजी रात्री दिवा मालवायच्या आधी नावं घ्यायची. देवाची नव्हेत, आमच्या घरच्यांची. आई, बाबा, धाकटा काका, काकू, काकूच्या पोटातलं, आत्याची दोघं, मग बाकीचे. क्रम कधी चुकायचा नाही. प्रत्येक नावापुढे एक वाक्य. "तुझा काका लई हट्टी, ताकाशिवाय भाकर मोडायचा नाही." "तुझी माय गाभण शेळीला नावानं हाका मारायची." ते कसे गेले याबद्दल एक शब्द नाही. ते कसे होते तेवढंच. वाघोलीत माझ्या शेजारच्या कॉटवरच्या मुलाकडे अशी आजी नव्हती. त्याला त्याच्या आईचा चेहरा आठवेना म्हणून तो रात्री रडायचा. मी त्याला माझ्याच आईच्या गोष्टी सांगायचो. त्याच्या आईच्या म्हणून.

मुळाकाठ, तुम्ही वाईट हेतूनं लिहिलं नाही हे कळतं. पण पेटीला कुलूप आहे आणि तरी चार वर्षांची नात जिन्यात पळतेय. मग कुलपात राहिलं काय?

---

समुपदेशक_लातूर | ३ सप्टेंबर, रात्री ९:३०

मी गेली सोळा वर्षं या भागात काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यात हासोरीच्या परिसरात जमिनीतून आवाज यायला लागले होते. लोक रात्री घराबाहेर झोपत होते. त्या दिवसांत माझ्याकडे जे आले त्यात वीस-बावीस वर्षांची मुलं-मुली जास्त होत्या. १९९३ पाहिलेली माणसं सावध होती, पण त्यांना माहीत होतं की काय करायचं, कुठे बसायचं, किती वेळानं आत जायचं. नंतर जन्मलेल्यांकडे फक्त भीती आली होती, तिची गोष्ट आली नव्हती. घरातली मोठी माणसं काहीतरी लपवतात हे लेकराला फार लवकर कळतं, आणि जे सांगितलं जात नाही ते लेकरू स्वतःच्या मनानं भरून काढतं. बऱ्याचदा ते खऱ्यापेक्षा भयंकर असतं. काही जणांनी तर धरूनच ठेवलं होतं की आईचं दुःख आपल्यामुळे आहे, आपण त्या गेलेल्या भावंडासारखे निघालो नाही म्हणून.

या भागात तुमच्यासारखी 'बदली' लेकरं खूप आहेत. ज्या बायांनी कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन केलेलं होतं आणि मुलं गेली, त्यांच्यासाठी तेव्हा ते ऑपरेशन उलटवण्याची सोय सरकारनं केली होती. अशा शस्त्रक्रियेनंतर झालेली मुलं आज पंचविशी-तिशीत आहेत. गावानं त्यांना 'देवानं परत दिलं' म्हणून वाढवलं. प्रेमानंच वाढवलं. पण परत आलेल्या माणसाला स्वतःचं असं काही असायला जागा कमी राहते.

उंबरठा, बोलायचं कसं म्हणून विचारलंत. "आई, त्या रात्री काय झालं ते सांग" असं समोर बसून विचारू नका. आपल्याकडची बाई समोर बसून सांगत नाही, हाताला काम असलं की सांगते. शेंगा फोडताना, वाती वळताना, नातीचे केस विंचरताना. मरणाबद्दल विचारू नका. तो काय खायचा, कुणाच्या कडेवर जायचा, बोलायला काय शिकला होता ते विचारा. ती थांबली की तुम्हीही थांबा, दुसरा विषय काढा. एका दिवसात होणारं हे काम नाही. आणि हेही सांगते की आई बोललीच नाही तरी तुम्ही तुमच्या मुलीला तिच्या वयाला झेपेल एवढं खरं सांगू शकता: आजीला एकदा खूप मोठा आवाज ऐकू आला होता, म्हणून आम्ही आवाजाला दचकतो, आता आपलं घर पक्कं आहे.

तुम्हाला कडी लावल्यावर धाप लागते, झोप मोडते, तर तुम्ही स्वतः कुणाला तरी दाखवा. त्यात कमीपणा नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. घरबसल्या बोलायचं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

---

उंबरठा_९५ | ४ सप्टेंबर, सकाळी ६:१०

समुपदेशक, 'कमी जागा' हे वाचून थांबले. दहावीला मला शहाऐंशी टक्के पडले तेव्हा बाबा पेढे वाटताना म्हणाले होते, "आमचं पोरगं पहिलं आलं." मी मुलगी आहे. तेव्हा सगळे कौतुकानं हसले होते आणि मीही हसले होते.

---

सावळी_अक्का | ४ सप्टेंबर, दुपारी ३:२०

मी इथे कधी लिहीत नाही, फक्त वाचते. आज लिहिते.

माझ्या वडिलांची पहिली बायको आणि दोन मुलगे भूकंपात गेले. सहा महिन्यांच्या आत वडिलांचं दुसरं लग्न झालं. बायकोच्या सख्ख्या धाकट्या बहिणीशी. ती माझी आई. सतरा वर्षांची होती, दहावीच्या वर्गात. तिला कुणी विचारलं नाही. तिलाही बहीण गेल्याचं दुःख होतं आणि त्याच दुःखात तिला बहिणीच्या जागी नेऊन बसवलं. त्या काळात असं घरोघरी झालं. बायको गेलेल्या पुरुषांची लग्नं महिन्यांत लागली. नवरा गेलेल्या बायांचं तसं झालं नाही.

आमच्याकडे दुसरेपणावर आलेल्या बाईच्या गळ्यात सवतीचा टाक घालतात, हे तुमच्यातल्या काहींना माहीत असेल. पहिलीची छोटी चांदीची प्रतिमा, मंगळसूत्राबरोबर. माझ्या आईच्या गळ्यात तिची स्वतःची बहीण होती. अठ्ठावीस वर्षं. मी लहान असताना तो टाक हातात धरून झोपायची, कारण आई स्वतःही झोपताना तो मुठीत धरायची.

पितृपक्षात अहेव नवमीला आम्ही मावशीच्या नावानं सवाष्ण जेवू घालतो, खण देतो. दोन वर्षांपूर्वी बोलावलेली सवाष्ण ऐनवेळी आली नाही. मी आईला म्हटलं, तूच बस पाटावर. ती नको नको म्हणाली. मी बसवलं, ओटी भरली, वाढलं. पहिला घास घेऊन ती रडायला लागली ती थांबेना. मग म्हणाली, "ताईच्या हातचं पिठलं मला कधी जमलं न्हाई. तुझा बाप एकदाबी बोलला न्हाई, पण मला रोज कळायचं." इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती माझ्या वडिलांची बायको म्हणून बोलली नाही, धाकटी बहीण म्हणून बोलली.

त्यानंतर तिनं गुरवाला विचारून तो टाक गळ्यातून काढला आणि देवघरात देवांच्या टाकांशेजारी ठेवला. "ताईला आता देवात बसू दे" म्हणाली. वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पूजा करताना त्या टाकाला गंध लावलं आणि मोठ्यानं नाव घेतलं. मी पंचवीस वर्षांची होते. त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

मुळाकाठ काकांना सांगायचंय की माझे वडीलही शांतच होते.

---

वेशीबाहेरची | ४ सप्टेंबर, रात्री १०:५०

सगळ्या पोस्टी मनापासून वाचल्या. सावळी अक्का, तुमच्या आईला जय भीम. पण दुसरी बाजू आल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही.

'आपली संस्कृती', 'आपल्या रीती' म्हणताना कुणाच्या, ते बघायला लागतं. भूकंपानंतर पहिले काही आठवडे आमच्या गावात एकच चूल होती, बाहेरून आलेल्या लोकांनी लावलेली. सगळ्या जातींची माणसं एका रांगेत बसून जेवत होती. माझी आजी सांगायची, तिच्या आयुष्यात ती पंगत पहिली. मग नवं गाव वसलं. सरळ रेषेतले रस्ते, चौकोनी प्लॉट. घराचा आकार जमिनीवर ठरला. भूमिहीन आणि एक हेक्टरच्या आतले त्यांना अडीचशे चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत चारशे, त्याच्या वर साडेसातशे. म्हणजे कुणाचं किती गेलं ते बघितलं नाही, कुणाकडे किती होतं ते बघितलं. आमच्या आजोबांचे दोन मुलगे गेले, आमच्या वाट्याला अडीचशे फूट, तेही गावाच्या टोकाला. पंगतीही पुन्हा वेगळ्या झाल्या. गावात सप्ताह बसायचा तेव्हा भूकंपात गेलेल्यांच्या नावानं अन्नदान व्हायचं. त्या फलकावर आमच्या चुलत्यांची नावं बरीच वर्षं नव्हती.

आमच्या घराला सावरलं ते विहारानं. आता एक गोष्ट बघा. ३० सप्टेंबर १९९३ ला भाद्रपद पौर्णिमा होती. पौर्णिमेला आमची वंदना असते. शिवाय वर्षावास चालू असतो, आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन. म्हणजे ती तारीख आली की घरात एकटं बसायची वेळच यायची नाही, पाच-पंचवीस बाया आधीच जमलेल्या असायच्या. त्रिशरण-पंचशील झालं की आजी उभी राहून दोन्ही मुलांची नावं घ्यायची आणि सगळे एक मिनिट उभे राहायचे. मला चार वर्षांची असल्यापासून माझ्या दोन्ही चुलत्यांची नावं, वयं, थोरल्याची इयत्ता माहीत आहे. मला भूकंपाची भीती वाटते, पण ती साधी भीती आहे. त्यात कोडं नाही.

फलकावर नावं २०१३ मध्ये लागली. ती आमच्या आईनं ग्रामसभेत उभं राहून मागून घेतली.

---

तेरणेकाठचा | ५ सप्टेंबर, सकाळी ८:००

वेशीबाहेरची, आमचं घर साडेसातशेवालं. तो हिशेब मी कधी या बाजूनं पाहिला नव्हता. एकतीस वर्षांत एकदाही नाही. हे इथे लिहून ठेवतो, बाकी काही बोलत नाही.

---

ओळंबा | ५ सप्टेंबर, दुपारी १२:४५

माझी मावशी संवाद सहायक होती, त्याबद्दल लिहितो, कारण हा भाग लोक विसरतात.

बावन्न गावांपलीकडे हजाराहून जास्त गावांत घरं पडली नव्हती, तडकली होती. ती मालकांनीच दुरुस्त आणि मजबूत करून घ्यायची होती, सरकार पैसे आणि साहित्य देणार होतं. पण लोक घरात पाऊल ठेवायला तयार नव्हते. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावागावातल्या महिला मंडळांच्या बायांना संवाद सहायक म्हणून पुढे आणलं. घरोघर जायचं, भिंत बघायची, कोपऱ्यात आडवे दगड कसे घालायचे, वरच्या बाजूनं सिमेंटचा पट्टा कसा फिरवायचा ते समजावून सांगायचं. मावशी सातवी शिकलेली, डोक्यावर पदर. हातात टेप आणि वही.

ती सांगते की भिंत मापायला गेलं की बाई टेपचं एक टोक धरायची आणि तिथेच बोलायला लागायची. "हितं पाळणा व्हता." दुसरं कुणी विचारायला आलं असतं तर ती बोलली नसती. भिंतीचं काम होतं म्हणून बोलली. मावशीच्या वहीत एका बाजूला फूट-इंच आहेत आणि दुसऱ्या बाजूला नावं. ती वही तिच्याकडे अजून आहे. समुपदेशक ताई हाताला काम असताना बोलण्याबद्दल म्हणाल्या, तेव्हा मला हेच आठवलं. आणि ज्या घराची भिंत बाईनं स्वतः उभी राहून पक्की करून घेतली, त्या घरात ती लवकर झोपायला लागली, असं मावशी म्हणते.

---

आंबेगावचा_मास्तर | ५ सप्टेंबर, रात्री ८:३०

माळीणच्या जवळच्या गावात शिक्षक आहे. ३० जुलै २०१४ ला सकाळी डोंगर खाली आला, दीडशेच्या वर माणसं गेली. शाळेची इमारत तेवढी वाचली. यंदा दहा वर्षं झाली. त्यानंतर जन्मलेली मुलं आता माझ्या वर्गात तिसरी-चौथीत आहेत. जोराचा पाऊस लागला की अर्धा वर्ग खिडकीतून डोंगराकडे बघतो. मी फळ्याकडे बघा म्हणायचो. हा धागा वाचल्यावर असं वाटतंय की मीही कुलूपच लावत होतो. पुढच्या पालकसभेला आज्यांना बोलावणार आहे.

---

मेलबर्नकर | ६ सप्टेंबर, सकाळी ५:५०

इथे ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी कुटुंबांबरोबर काम करणाऱ्या संस्थेत मी हिशेब बघते. सरकारनं पिढ्यान्‌पिढ्या त्यांची मुलं आईबापांपासून तोडून नेली. १३ फेब्रुवारी २००८ ला पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली. त्यांचं दुःख माणसांनी केलेलं आहे, आपलं जमिनीनं, ते एका तागडीत घालता येणार नाही. पण इथल्या आज्यांना मी एकच काम करताना बघते. नातवंडांना घेऊन बसायचं आणि कोण कुणाचं कोण ते सांगायचं. मावशी कोण, पणजीची नदी कोणती. डॉक्टर, समुपदेशक असतात, पण ते आज्यांच्या मागे बसतात. एवढंच सांगायचं होतं.

---

मुळाकाठ | ६ सप्टेंबर, सकाळी ९:२०

सगळं वाचलं. माझं पहिलं लिहिणं घाईचं होतं. शेजाऱ्यांचा मुलगा माझा वर्गमित्र आहे. काल त्याला फोन केला. तो म्हणाला, "बाबा शांत नव्हते रे, आम्ही सगळे त्यांच्याभोवती चवड्यांवर चालायचो." मला हे पन्नास वर्षांत माहीत नव्हतं. ताई, जाऊन या गावी.

---

उंबरठा_९५ | २२ सप्टेंबर, रात्री ११:१५

जाऊन आले. लिहायला पाच दिवस लागले.

चतुर्दशीला संध्याकाळी पोचलो. गणपती बुडवून आलो, अंगणात सतरंज्या पडल्या. आकाश अर्धं ढगाळ, चांदणं येऊन-जाऊन. मी काहीच विचारायचं नाही असं ठरवलं होतं. भुईमुगाच्या शेंगांचं टोपलं मध्ये ठेवलं आणि आम्ही तिघी फोडत बसलो, आई, मी, मुलगी. बाबा बाजेवर. अकरा वाजले, बारा वाजले. मुलगी झोपेना. तिनंच विचारलं, "आजी, आपण का जागतोय?"

आईनं माझ्याकडे बघितलं. मी शेंगा फोडत राहिले. थोड्या वेळानं आई म्हणाली, "तुझ्या मामाची वाट बघतोय."

मी तीस वर्षांत 'भाऊ' हा शब्द तिच्यासमोर उच्चारला नव्हता, आणि तिनं एका शब्दात त्याला माझ्या मुलीचं नातं देऊन टाकलं. मामा. मग ती बोलत गेली. त्याला शेंगा-गूळ आवडायचा. लेझमाचा आवाज आला की कडेवरून उतरायचा. त्या रात्री मिरवणुकीत चुलत भावंडांबरोबर मंडपातच झोपायचा हट्ट धरून बसला होता. आई त्याला रडत असताना उचलून घरी घेऊन आली. दव पडतंय, सर्दी होईल म्हणून. मंडपात झोपलेली सगळी लेकरं वाचली.

हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. बाबांनाही नाही. बाबा त्या रात्री मिरवणुकीसोबत नदीवर होते, त्यांना वाटत होतं पोरगं आधीपासून घरीच होतं. ते बाजेवर उठून बसले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ते खाली उतरून तिच्या शेजारी सतरंजीवर बसले आणि शेंगा फोडायला लागले. म्हणाले, "मी असतो तर मीबी उचलूनच आणलं असतं. तापला होता तो दुपारी." आई म्हणाली, "तापला होता?" तिला ते आठवतच नव्हतं. ते दोघं मग त्या तापाबद्दलच बोलत राहिले. कुणी कपाळाला हात लावून बघितला, कोणत्या डॉक्टरची गोळी दिली. चार कधी वाजून गेले ते आईनं घड्याळात बघितलं नाही.

एक गोष्ट मला माहीत नव्हती. एवढ्या लहान लेकराचं श्राद्ध घालत नाहीत. पुरताना जे काय केलं तेवढंच. म्हणजे पितृपक्षात आजोबा-पणजोबा सगळे जेवायचे आणि त्याला पान नाही. दुसऱ्या दिवशी पौर्णिमेला आईनं स्वतःहून गल्लीतली लेकरं बोलावली, जातपात न बघता, टोकाच्या घरांपासून. (वेशीबाहेरची, हे मी तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, "मंडपात सगळ्यांचीच होती.") सव्वीस लेकरं आली. शेंगा-गुळाच्या पोळ्या, आमटी, भात. माझी मुलगी वाढत होती आणि प्रत्येकाला सांगत होती, हे माझ्या मामाचं जेवण आहे.

वाळं आईनं पेटीतून काढून तिच्या हातात दिलं. घालायला नाही, बघायला. मुलीनं ते मनगटावर चढवून पाहिलं, बसलं. म्हणाली, "मामा केवढा आहे?"

आई म्हणाली, "तुझ्यापेक्षा जरा बारका."

कडीचं अजून तसंच आहे. पुण्यात एका डॉक्टरांची वेळ घेतलीय, पुढच्या गुरुवारची.

---

सावळी_अक्का | २३ सप्टेंबर, सकाळी ७:०५

आईला वाचून दाखवलं. ती विचारतेय, शेंगा-गुळाच्या पोळीत तीळ घातले होते का.

---

उंबरठा_९५ | २३ सप्टेंबर, सकाळी ७:४०

थोडे घातले होते, भाजून. आणि वेलदोडा नाही, त्याला आवडायचा नाही म्हणे.

---

तेरणेकाठचा | २३ सप्टेंबर, रात्री १०:३०

आजी दोन हजार अकरात गेली. ती घ्यायची ती नावं काल बहिणीला फोन लावून, दोघांनी मिळून लिहून काढली, प्रत्येकापुढचं वाक्यसुद्धा. अकरा झाली. बाराव्याचं वाक्य दोघांनाही आठवत नाही. वाघोलीच्या त्या मित्राला विचारतो, त्याला मी सांगितलेलं असणार.